पॅक-१२ कुणी मोडली? टीव्हीचे हक्क आणि फुगत चाललेल्या कॉलेज कॉन्फरन्स

कोर्व्हॅलिसकर

नमस्कार मंडळी. 'अमेरिकेतले खेळ' या धाग्यावर हा विषय सारखा उपटतो आणि तिथले बेसबॉलवाले वैतागतात, म्हणून वेगळी चूल.

मी ऑरेगनमधल्या कोर्व्हॅलिसला राहतो. साठेक हजार वस्तीचं गाव, मधोमध ऑरेगन स्टेट विद्यापीठ. इथून ६५ किलोमीटरवर युजीन, तिथे ऑरेगन विद्यापीठ. दोघांची फुटबॉलमधली खुन्नस १८९४ पासूनची. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला.) हा सामना वर्षानुवर्षं नोव्हेंबरच्या शेवटी व्हायचा, थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे, बहुतेक वेळा भर पावसात. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला झाला. लोक रेनकोटऐवजी गॉगल लावून आले होते. कारण दोघं आता एका कॉन्फरन्समध्ये नाहीत. युजीनवाले बिग टेनमध्ये गेले. त्यांची साखळी आता न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलँड यांच्याबरोबर. आम्ही होतो तिथेच आहोत, फक्त 'तिथे' काही उरलं नाही.

नवख्यांसाठी दोन ओळी. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी मिळून केलेली साखळी. मुळात ती भूगोलावर बेतलेली, कारण पोरांना रेल्वेने किंवा बसने जाऊन सोमवारी वर्गात परत यायचं असे. बिग टेन १८९६ ची, मध्य-पश्चिमेतली. आमच्या पॅक-१२ चं मूळ १९१५ चं, पॅसिफिक किनाऱ्यावरचं. एवढी जुनी संस्था, आणि तिचं काय झालं बघा. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेनला जातो म्हणून जाहीर केलं. २०२३ मध्ये २७ जुलैला कोलोरॅडो बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सला गेलं. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच गेले: ऑरेगन, वॉशिंग्टन बिग टेनला आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, यूटा बिग १२ ला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सला, म्हणजे एसीसीला. (पॅसिफिकवरून थेट अटलांटिक!) मागे दोघं राहिले, आम्ही आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. आमच्या स्टेडियमची पश्चिम बाजू १६ कोटी डॉलर घालून नवी केली होती, ती त्याच सप्टेंबरात उघडली. मांडव घातला आणि वऱ्हाड दुसऱ्याच गावाला.

सगळे म्हणतात, पैशाने मोडली. पण २०११ मध्ये आमच्याच कॉन्फरन्सने फॉक्स आणि ईएसपीएनशी १२ वर्षांचा ३ अब्ज डॉलरचा करार केला होता आणि तेव्हा तो सगळ्यात मोठा होता. त्यामुळे नुसतं 'पैसा' म्हणून माझं समाधान होत नाही. टीव्हीवाले पैसे कशाचे मोजतात हे दर दहा-पंधरा वर्षांनी बदललं आणि दर वेळी नकाशा नव्याने फाटला, असं मला वाटतं. चर्चा करू.

बोरकर_दादर

बाळबोध प्रश्न विचारतो, रागवू नका. कॉलेजच्या पोरांचे सामने बघायला अब्जावधी डॉलर? आमच्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी १९३५ पासून आहे. मी एकदा गेलो होतो बघायला. मी, एक कावळा आणि बहुधा एक सिलेक्टर.

नील_सिॲटल

बोरकर, मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरतं. अलाबामा, नेब्रास्का, ऑरेगन या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. तिथे कॉलेज हाच राज्याचा संघ. रणजीतला मुंबईचा संघ समजा, फक्त लोक खरोखर बघायला येतात असा.

बोरकर_दादर

शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

ॲडव्होकेट_वऱ्हाडी

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला सुरुवातीपासून पुरवणी देतो, कारण या सगळ्याची गंगोत्री कोर्टात आहे.

१९५० च्या दशकापासून कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं ते एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवत असे. भीती एकच: घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढणार? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९५१ मध्ये स्वतःचे सामने टीव्हीला विकायचं ठरवलं, तर संस्थेने डोळे वटारून त्यांना सरळ केलं. पुढे नियम असा झाला की दोन वर्षांत एका कॉलेजचे सामने फार तर सहा वेळा दाखवायचे. मोठे संघ चिडले आणि ओक्लाहोमा व जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली.

खटल्यातला एक दाखला मला फार आवडतो. १९८१ च्या एका शनिवारी ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी हा तगडा सामना दोनशेहून जास्त स्टेशनांवर दिसला. त्याच दिवशी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट दिसला चार स्टेशनांवर. चारही संघांना पैसे सारखे! पंगतीत सगळ्यांना दोन-दोन जिलब्या, मग नवरदेव असो की वाजंत्रीवाला.

१९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते. कॉलेज खेळाला निव्वळ धंदा समजू नका, असा त्यांचा सूर होता. त्या दिवसापासून हक्क कॉलेजांचे झाले, आणि एकेकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलेले बरे, म्हणून कॉन्फरन्स ही विक्री करणारी सोसायटी झाली. आधी तिचं काम सामन्यांचं वेळापत्रक लावण्याचं होतं.

अवांतर: आपल्याकडे असंच वळण फेब्रुवारी १९९५ मध्ये आलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शनशी भांडण झालं आणि रेडिओलहरी ही सरकारची नाही तर जनतेची मालमत्ता, असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला. खंडपीठात आपले पी. बी. सावंत होते.

सुमेधा_ह्यूस्टन

वकीलसाहेब, जिलब्या 👌

मी टेक्सासात असल्यामुळे पहिल्या बळीची गोष्ट मला सांगू द्या. साउथवेस्ट कॉन्फरन्स. शेवटी शेवटी तिच्यातली आठच्या आठ कॉलेजं टेक्सासमधली होती, कारण आर्कान्सा १९९० मध्ये निघून जायचं ठरवून मोकळं झालं आणि एसईसीत, म्हणजे आग्नेयेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेलं. आता टीव्हीवाल्याच्या जागी बसून बघा. एकाच राज्याची साखळी न्यूयॉर्कला किंवा शिकागोला कोण बघणार? शेजारी बिग एट होती, कान्सास-नेब्रास्काकडची. तिथे फुटबॉल उत्तम, पण माणसं कमी. दोघांचं लग्न लावायचं ठरलं. मात्र टेक्सासमधून चारच घेतले: टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, बेलर. १९९६ ला बिग १२ उभी राहिली आणि जुनी कॉन्फरन्स बंद पडली.

बाहेर कोण राहिलं? राइस, ह्यूस्टन, टीसीयू आणि डॅलसचं एसएमयू. ह्यूस्टन आणि डॅलस ही देशातल्या मोठ्या शहरांत मोडतात, तरी तिथलीच कॉलेजं बाहेर! म्हणजे शहर मोठं असून चालत नाही, त्या शहरातल्या घरांत कुणाचा झेंडा आहे ते बघतात. ह्यूस्टनला परत मोठ्या पंगतीत बसायला २०२३ उजाडलं. एसएमयू २०२४ मध्ये एसीसीत गेलं ते नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा घेणार नाही, असं कबूल करून. उपाशी राहीन पण ताटावर बसवा.

किरण७७

नऊ वर्षं फुकट?? कोण देतं मग पैसे?

सुमेधा_ह्यूस्टन

डॅलसचे श्रीमंत माजी विद्यार्थी. आपल्याकडे देवळाचा कळस बसवतात तसं.

कोर्व्हॅलिसकर

वकीलसाहेब, सुमेधाताई, धन्यवाद. पुढचा अंक केबलचा आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर.

आपल्या इमारतीतला केबलवाला आठवा. क्रिकेट बघायचं असो नसो, स्पोर्ट्सचा चॅनेल बुकेत असायचाच आणि पैसे आजीकडूनही घ्यायचा. बिग टेनचे तेव्हाचे कमिशनर, म्हणजे कॉन्फरन्सचे प्रमुख, जिम डेलनी यांनी हेच ओळखलं. २००७ मध्ये फॉक्सला भागीदार करून त्यांनी कॉन्फरन्सचा स्वतःचा चॅनेल काढला. ज्या राज्यात बिग टेनचं कॉलेज, तिथे चॅनेल मूळ पॅकेजात आणि दर घरामागे महिन्याला साधारण डॉलरभर. बाहेरच्या राज्यात तोच चॅनेल काही सेंटांना. आता नवं कॉलेज कसं निवडाल? जे राज्य नाही ते घ्या! २०१२ च्या नोव्हेंबरात मेरीलँड आणि रटगर्सला आवतण गेलं आणि २०१४ ला ते खेळायला लागले. रटगर्सचं फुटबॉल तेव्हाही यथातथाच होतं. पण रटगर्सबरोबर न्यूयॉर्कच्या परिसरातली घरं येत होती आणि मेरीलँडबरोबर वॉशिंग्टन-बाल्टिमोरची. सामना कुणी बघो न बघो, दर महिन्याचं बिल फाटणारच.

त्याच काळात टेक्सास विद्यापीठाने ईएसपीएनबरोबर स्वतःचा एकट्याचा लाँगहॉर्न चॅनेल काढला, २० वर्षांचे ३० कोटी डॉलर. बाकीची भावंडं बिथरली. टेक्सास ए अँड एम उठून एसईसीला गेलं, त्याच्याबरोबर एसईसीला टेक्सास राज्य मिळालं आणि २०१४ मध्ये त्यांचाही चॅनेल आला.

आणि आम्ही? आमच्या कमिशनरांनी २०१२ मध्ये चॅनेल काढला तो भागीदार न घेता. एक राष्ट्रीय, सहा प्रादेशिक, सगळी मालकी आपली. ऐकायला झकास. पण फॉक्स किंवा ईएसपीएनसारखा पाठीराखा नसल्यामुळे केबलवाल्यांशी घासाघीस करायला हातात काठी नव्हती. डिशवरून चॅनेल देणाऱ्या डायरेक्टीव्हीने तो चॅनेल शेवटपर्यंत घेतला नाही. बिग टेनकडे पैलवान होता, आमच्याकडे स्वाभिमान.

नील_सिॲटल

मी वॉशिंग्टन विद्यापीठाचा, म्हणजे तुमच्या भाषेत पळून गेलेल्यांपैकी. तरी आमची बाजू ऐकाच.

२०२२ मध्ये यूएससी-यूसीएलए गेल्यावर लॉस एंजेलिस गेलं, देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ. त्याच ऑगस्टात बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा ७ अब्जांहून मोठा करार केला. शनिवारी दुपारी १२ ला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री एनबीसी. रविवारी व्यावसायिक लीगचा जसा दिवसभर रतीब असतो तसा. त्यानंतर बिग १२ चे नवे कमिशनर आमच्या आधी रांगेत घुसले. त्यांचा करार संपायला वेळ होता, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन-फॉक्सकडून सहा वर्षांचे २.२८ अब्ज घेऊन बसले. कॉलेजमागे ३ कोटी १७ लाख. बातम्यांनुसार आमच्यासमोरही ३ कोटींच्या आसपासचा देकार होता आणि आमच्या शहाण्यांनी ५ कोटी मागितले. चॅनेलवाल्यांनी फोन ठेवला. बाजारात दोनच मोठे गिऱ्हाईक असताना एकाची पिशवी भरल्यावर दुसऱ्याला भाव सांगायचा नसतो, हे मंडईतल्या भाजीवालीलाही कळतं.

शेवटी उरलं ॲपल. कॉलेजमागे अडीच कोटींच्याही आत आणि वर्गणीदार वाढले तर जास्त. ४ ऑगस्टला सकाळी सह्या व्हायच्या होत्या म्हणतात. आता सांगा, मुलाचा सामना बघायला आजोबांनी ॲपलचं ॲप उतरवायचं? बिग टेनने ऑरेगन आणि आम्हाला पूर्ण वाटा दिलाच नाही, सुरुवातीला ३ कोटींच्या आसपास, जुन्या मेंबरांच्या निम्मा. तरी गेलो. अर्धी पण खात्रीची भाकरी.

कोर्व्हॅलिसकर

नीलभाऊ, तुमच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण वैयक्तिक नाही.

तुम्ही पाठीराख्याने सांगितलं तसंच सांगितलं, फक्त एक गोष्ट वगळली. ऑरेगनला का घेतलं? पोर्टलंड म्हणजे काही न्यूयॉर्क नव्हे. केबलच्या हिशेबाने ऑरेगनची घरं किरकोळ. तसंच टेक्सास आणि ओक्लाहोमाचं. जुलै २०२१ मध्ये एसईसीने त्यांना घेतलं तेव्हा टेक्सास राज्य ए अँड एममुळे एसईसीकडे आधीपासून होतं! नवीन घर एकही मिळणार नव्हतं. मग घेतलं कशाला? कारण लोक केबल तोडू लागले. न बघणारी आजी बिलातून निसटली. आता चॅनेलवाल्याला हवा असतो तो सामना, जो चाळीस लाख लोक त्या क्षणी लावतील. टेक्सास-अलाबामा, ऑरेगन-ओहायो स्टेट. घरं मोजणं संपलं, डोळे मोजणं सुरू झालं.

म्हणून म्हणतो, रटगर्सने आज अर्ज केला असता तर दारावरून परत पाठवलं असतं. पण ते २०१२ ला आत शिरले आणि बिग टेन कुणाला काढत नाही. आज पूर्ण वाट्याचं जेवतायत. आम्ही चुकीच्या दशकात चुकीच्या गावात.

दुसरं, घड्याळ. पूर्वेकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात तेव्हा आमच्याकडे साडेसात. बिग टेनला पश्चिमेचे चार संघ मिळाल्यामुळे दुपारी १२ पासून मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडं राहतं. संघाबरोबर तीन तासही विकत मिळाले.

मंजिरी_सॅनहोजे

तुम्ही सगळे फुटबॉलचंच बोलताय. माझी भाची पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते, नाव नको. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा खेळतात, चार्टर विमानाने जातात. व्हॉलीबॉलचे आठवड्याला दोन सामने, त्यातले कित्येक देशाच्या दुसऱ्या टोकाला. परवा विमानतळावरून फोन होता, "मावशी, केमिस्ट्रीचा पेपर हॉटेलच्या लॉबीत दिला." करार फुटबॉलचा, बोजा या पोरींवर.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट तीन वर्षांत १० कोटी डॉलरच्या वर गेली होती. स्टॅनफर्डने २०२० मध्ये अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. पोहणं, जिम्नॅस्टिक्स, हे सगळं फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशावर जगतं. पैसा घ्यावा तर प्रवासाने मुली दमतात, सोडावा तर संघच बंद.

आणि एक गंमत. यूसीएलए आणि कॅल (बर्कली) एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन लेकी. एक श्रीमंत घरी गेली म्हणून दुसरीचं नुकसान झालं, तर रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, २०२४ मध्ये ठरवलं की यूसीएलएने कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे. इथे त्याला पोटगीवरून (इंग्रजीत ॲलिमनी) नाव पडलंय: 'कॅलिमनी'.

किरण७७

कॅलिमनी 😂😂 धागा वाचनखुणांत टाकला.

बोरकर_दादर

म्हणजे आयपीएलसारखंच की. २०२१ ला लखनौ आणि गुजरात हे दोन संघ विकले, सामने ६० वरून ७४ झाले आणि पुढच्याच वर्षी हक्क ४८,३९० कोटींना गेले.

नील_सिॲटल

फरक आहे बोरकर. आयपीएलमध्ये माल वाढवला, कुणाचा चोरला नाही. इथे नवा संघ बनत नाही, शेजाऱ्याचा उचलतात. एक फुगली की दुसरी आटते.

ॲडव्होकेट_वऱ्हाडी

उचलू नये म्हणून तर करार आहेत. एसीसीने २०३६ पर्यंत सगळ्या सदस्यांचे टीव्हीचे हक्क लिहून घेतलेत. घरातून जा, पण सातबारा आमच्या नावावर. फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसनने मार्च २०२४ मध्ये त्यावरून दावे ठोकले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. अट अशी की टीव्हीच्या पैशातला मोठा भाग यापुढे ज्याचे सामने जास्त लोक बघतील त्याला जास्त मिळेल, उरलेला सगळ्यांना सारखा.

१९८१ चे दोनशे आणि चार स्टेशनवाले आठवले का? तेव्हा चौघांना सारखे पैसे, हे चूक ठरवायला खटला लढवावा लागला. आता एकाच कॉन्फरन्समधल्या भावांत ताट बघून जिलबी.

सुमेधा_ह्यूस्टन

ओक्लाहोमा एसईसीला गेलं त्यात त्यांचा ओक्लाहोमा स्टेटबरोबरचा 'बेडलम' सामनाही गेला. एकशे दहाहून जास्त वर्षांची रीत. शेवटचा ४ नोव्हेंबर २०२३ ला झाला, ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ जिंकला. माझ्या ऑफिसात दोन्हीकडचे आहेत. आता नोव्हेंबरात त्यांच्यात भांडायला विषय नाही, बिचारे हवामानावर बोलतात.

किरण७७

कोर्व्हॅलिसकर, तुमचं पुढे काय झालं ते सांगा ना. दोघंच उरलात म्हणालात.

कोर्व्हॅलिसकर

दोघं उरलो आणि आधी कोर्टात गेलो. जाणाऱ्यांनी कॉन्फरन्सच्या तिजोरीवर मत द्यायचं नाही, असा आमचा दावा होता आणि तो टिकला. मग दोन वर्षं दोन संघांची कॉन्फरन्स म्हणून काढली. घरमालक दोन, खोल्या बारा. सामने इतरांकडून उसने घेतले. चॅनेल ३० जून २०२४ ला बंद झाला.

नंतर आम्हीही तेच केलं, लपवत नाही. शेजारच्या माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझनो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट असे पाच उचलले. बास्केटबॉलसाठी गोंझागा, आणि आठवा फुटबॉल संघ पाहिजे म्हणून टेक्सास स्टेट. ते सॅन मार्कोसला आहे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून जवळपास दोन हजार किलोमीटर. जुलै २०२६ पासून नवी पॅक-१२. सामने सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्कवर. ज्यांच्याकडून उचलले ते आता आमच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पश्चिमेकडचे असल्याने आम्हाला बहुधा रात्रीच्याच वेळा मिळतील. पूर्वेकडचे तेव्हा झोपलेले असतात.

बोरकर_दादर

तुमच्या रात्री साडेसातला सामना लागला तर दादरला किती वाजलेले असतात?

कोर्व्हॅलिसकर

ऑक्टोबरपर्यंत रविवार सकाळचे आठ.

बोरकर_दादर

मग काय, पोहे खाता खाता बघतो. संघाचं नाव काय म्हणालात?

कोर्व्हॅलिसकर

बीव्हर्स. केशरी आणि काळा.